केसपेपरवरचं ‘अंदाजे’

आमच्या लेबर रूममध्ये ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एक वजनकाटा असतो. सपाट, डिजिटल, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा. नव्याने रुजू झालेल्या मुलींना तो बाळाचा काटा वाटतो. बाळाचा काटा वेगळा, भिंतीजवळच्या टेबलावर. हा आईचा. बाळंतिणीच्या अंगावरून गेलेलं रक्त ज्या मॉपमध्ये, पॅडमध्ये, चादरीत मुरतं, ते सगळं या काट्यावर ठेवायचं आणि कोरड्या कापडाचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. गणित एवढंच. मला ते शिकायला उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत मोजली दुसऱ्याच कुणीतरी.

नोकरीला लागून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. रात्रपाळी होती. लेबर रूममध्ये आम्ही दोघी सिस्टर, एक मावशी, आणि डॉक्टर शेजारच्या थिएटरमध्ये सिझेरियनमध्ये अडकलेले. तिची दुसरी खेप. कळा चांगल्या येत होत्या. दोन वाजून दहा मिनिटांनी बाळ झालं, लगेच रडलं, मी ते पुसून तिच्या छातीवर ठेवलं. वार पडली, ती मी उलटीसुलटी करून पाहिली, पूर्ण होती. तिनं विचारलं, “सिस्टर, झालं ना सगळं?” मी म्हणाले, “झालं ताई, आता निवांत पडा.”

त्यानंतरचा पाऊण तास मी किती वेळा मनात पुन्हा जगले असेन, सांगता येणार नाही. रक्त धो धो वाहत नव्हतं. संथपणे, एका लयीत येत होतं. पॅड भिजलं की मी बदलत होते आणि भिजलेलं बादलीत टाकत होते. बादलीला झाकण होतं. बीपी ११०/७०, नाडी १२४. मी बीपी पाहिलं आणि मला हायसं वाटलं. केसपेपरवर लिहिलं: रक्तस्राव अंदाजे २५० मिली.

“सिस्टर, फार तहान लागलीय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, थंडी वाजतेय. मग म्हणाली, खिडकी उघडा ना, जीव घुसमटतोय. ही तीन वाक्यं आज मला झोपेतून खडबडून जागं करतील. त्या रात्री मी तिच्या अंगावर आणखी एक चादर घातली. चादरीखाली काय चाललंय ते मग मलाही दिसेना.

डॉक्टर आले, त्यांनी पोटावर हात ठेवला आणि चादर बाजूला केली. मग सगळी धावपळ झाली. दोन्ही हातांना ड्रिप, इंजेक्शनं, पोटावरून मसाज, रक्त मागवणं, थिएटरला नेणं. सहा वाजायच्या आत ती गेली. बाळ माझ्याकडे होतं. नंतर मावशी खोली आवरायला आल्या. त्यांनी बादली उचलायला हात घातला, तर एका हातानं ती उचलेना.

त्या मृत्यूची कागदोपत्री नोंद झाली ती ‘अचानक उद्भवलेला रक्तस्राव’ अशी. ते रुग्णालय मी केव्हाच सोडलं, पण तो ‘अचानक’ शब्द माझ्याबरोबर आला. अचानक काहीही झालं नव्हतं. पाऊण तास ते आमच्यासमोर होत होतं आणि आम्ही मोजत नव्हतो. तो शब्द बघून मला शिक्षा टळल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.

बाळंतपणानंतर शरीरात नेमकं काय घडतं ते नीट कळलं की या सगळ्याचं गांभीर्य कळतं. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. तिथे टाका घालायला कोणी जात नाही. गर्भपिशवीच्या स्नायूंचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात, पिशवी आक्रसली की ते धागे या वाहिन्यांना चिमटीत धरल्यासारखे आवळतात आणि रक्त थांबतं. बेंबीखाली हात ठेवला तर घट्ट, गोल गोळा लागतो. तो लागला की सिस्टरच्या जिवात जीव येतो. पिशवी ढिली राहिली तर हाताला काहीच लागत नाही, नुसतं मऊ पोट. अशा वेळी दोन तासांत धडधाकट बाई जाऊ शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिच्याकडे तेवढेही तास नसतात.

बीपी फसवतं ते असं. गरोदरपणात शरीर रक्ताचा साठा वाढवून ठेवतं, जणू पुढच्या प्रसंगाची तयारीच. त्यामुळे एक लिटर रक्त गेलं तरी कित्येक जणींचं बीपी ठीकच दिसतं. आधी बोलते ती नाडी. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला की घंटा वाजलीच समजायची. माझ्या केसपेपरवर १२४ आणि ११० हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते, माझ्याच अक्षरात.

आणि डोळे तर बीपीहूनही जास्त फसवतात. नजरेनं केलेला रक्ताचा अंदाज जवळपास नेहमीच कमी येतो, आणि रक्त जितकं जास्त गेलेलं असतं तितका तो जास्त चुकतो. अनुभवी डॉक्टरांचाही चुकतो. मला यात एक माणसासारखी गोष्ट दिसते: समोरच्या बाईला काही होऊ नये असं मनापासून वाटत असतं, म्हणून डोळा कमी बघतो. म्हणूनच ते काम डोळ्यावर सोडायचं नाही.

२०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं आणि दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. ई-मोटिव्ह त्याचं नाव. त्यांनी नवं औषध शोधलं नाही. बाळ झाल्यावर आईखाली प्लास्टिकची एक चादर सरकवायची, तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी, त्यात रक्त साठतं आणि किती गेलं ते दिसतं. ठरलेली रेषा ओलांडली की मग एकेक उपाय करून वाट बघत बसायचं नाही. गर्भपिशवीचा मसाज, ती आक्रसण्याचं औषध, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, ड्रिप, आणि रक्त कुठून येतंय त्याची तपासणी हे सगळं एकाच दमात. जिथे नेहमीची पद्धत चालू राहिली, तिथे जास्तीचा रक्तस्राव निम्म्याच जणींमध्ये वेळेत ओळखला गेला. जिथे ती खुणांची पिशवी होती, तिथे १०० पैकी ९३ जणींमध्ये. एक लिटरहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, या सगळ्यांचं एकत्र प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते ड्यूटी संपवून, चेंजिंग रूममधल्या बाकावर बसून. ‘निम्म्या’ या शब्दाशी मी थांबले. म्हणजे मी एकटी नव्हते. जगभर, चांगल्या मनाच्या, कष्टाळू सिस्टर आणि डॉक्टर दर दोघींतली एक बाई नजरेतून सोडत होते. मला त्यातून दिलासा मिळाला नाही. मला राग आला, इतकी साधी वस्तू इतक्या उशिरा यावी याचा.

त्या यादीतल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचीही एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हे औषध तपासून बघा असं त्यांचं म्हणणं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. शेवटी २१ देशांतल्या २० हजार बायकांवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं कमी होतात. उताको बाई त्याच्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या.

औषधाचं आणखी एक. पिशवी आक्रसायला आपण जे ऑक्सिटोसिन देतो ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर उन्हाळ्यात राहिलेलं आणि फ्रीजमधलं, दोन्ही अँप्यूल दिसायला सारखीच. कमजोर झालेलं औषध तुम्ही वेळेवर, योग्य मात्रेत, योग्य हातानं द्याल आणि पिशवी ढिलीच राहील. म्हणून मी ड्यूटीवर आल्यावर पहिल्यांदा फ्रीजमधला थर्मामीटर बघते. माझ्या बरोबरच्यांना ते वेड वाटतं.

बाळंतिणी जाण्याचं रक्तस्राव हे मोठं कारण, पण एकटं नाही. बीपी वाढून झटके येणं हे दुसरं. तिथेही गोष्ट मोजण्यापाशीच येते. गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधला नाही तर डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, याला कोणीही थकवाच म्हणेल. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आहे, जुनं, स्वस्त. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजार बायकांवरच्या चाचणीत त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. ते देण्यासाठी बीपीचा आकडा मात्र आधी कुणीतरी घेतलेला हवा.

आणि जंतुसंसर्ग. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. १८४६ साली पहिल्या विभागात १०० मागे ११ बायका गेल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. हे कळलं कारण रजिस्टरं नीट ठेवलेली होती. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस त्या आकड्यांपाशी अडून बसले. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन डॉक्टर बाळंतिणीला तपासायला येतात हे त्यांच्या लक्षात आलं. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं आणि १८४८ मध्ये तो आकडा सव्वा टक्क्यावर आला. मला मात्र सेमेलवाइसांपेक्षा त्या बायकांचं जास्त वाटतं. त्या दारात गयावया करायच्या, आम्हाला सुइणींच्या विभागात घ्या म्हणून. काही जणी रस्त्यातच बाळंत व्हायच्या, तरी त्यातल्या कमी दगावायच्या. रजिस्टर न बघता त्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी त्यांना विचारलं असतं तर?

कधी कधी तर आजार रुग्णालयाच्या बाहेर, कायद्याच्या पुस्तकात असतो. रुमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर कडक बंदी आली. १९८९ मध्ये तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७० माता मरत होत्या, त्यातल्या बहुतेक चोरून केलेल्या गर्भपातांनी. डिसेंबर १९८९ मध्ये बंदी उठली आणि वर्षभरात आकडा जवळपास निम्म्यावर आला. डॉक्टर तेच होते, इमारती त्याच होत्या, औषधंही तीच. ज्यांना मातामृत्यू हा फक्त वैद्यकीय प्रश्न वाटतो त्यांच्यापुढे मी हे एक वर्ष ठेवते.

आता जगाचा आकडा. २०२३ मध्ये गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत सुमारे दोन लाख साठ हजार बायका गेल्या. दिवसाला सातशेहून जास्त. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्यातल्या सुमारे ७० टक्के. २००० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३२८ होत्या, २०२३ मध्ये १९७. म्हणजे खूप जणी वाचल्या, हे मी विसरत नाही. २०३० पर्यंत ७० च्या खाली यायचं असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलं आहे. आताचा वेग पाहता ते फार लांब आहे.

हा आकडासुद्धा अंदाजच आहे. कितीतरी देशांत प्रत्येक मृत्यूची, त्याच्या कारणासकट, नोंदच होत नाही. मग संख्याशास्त्राच्या आधारानं आकडा काढावा लागतो. तो काढणारी माणसं प्रामाणिक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बादलीत टाकलेल्या पॅडसारख्या काही बायका कुणीच न मोजता निघून जातात, हे मनातून जात नाही. दिवस गेल्याचं घरातही कुणाला माहीत नव्हतं अशी मुलगी, किंवा बाळंतपण होऊन तीन आठवडे झाल्यावर धाप लागून गेलेली बाई, जिच्या दाखल्यावर फक्त ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहिलं. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

गेली काही वर्षं मी मातामृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकांना बसते. या विषयावर बोलणारे तीन उशीर मोजतात. मदत घ्यायची हे ठरवायला झालेला उशीर, रुग्णालयात पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. बैठकीत पहिले दोन भराभर पुढे येतात. “फार उशिरा आणलं.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते वाक्य आलं की मी केसपेपर मागते. किती वाजता आणलं? पहिली नाडी किती वाजता घेतली? त्यानंतरची कधी? रक्त मागितलं कधी, आलं कधी? दोन नोंदींमधली मोकळी जागा मी बोटानं दाखवते. कोणाला पकडायला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, आणि त्यात नावं झाकलेली असतात, कारण शिक्षेची भीती असली की माणूस ‘अचानक’ लिहितो. मी लिहू दिलं होतं.

अशा चौकशांतून कधी कधी आपण बघतच नव्हतो ते दिसतं. ब्रिटनमधल्या अलीकडच्या अहवालांनी दाखवलं की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात, गरोदरपणाशी थेट संबंध असलेल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आत्महत्या आहे. त्या वेळेपर्यंत सगळे बाळाचं वजन विचारत असतात. आईला झोप लागते का, मनात काय येतं, हे विचारायचा रकाना आमच्या कागदावर बरीच वर्षं नव्हता. आता आम्ही तो हातानं आखून घेतलाय.

वजनकाटा मी स्वतः आणला होता. आधी कोणी हसलं, कोणी म्हणालं, एवढ्या गर्दीत मॉप कोण मोजत बसणार? म्हणून सुरुवातीला मीच मोजायचे, माझ्या पाळीत. कोरड्या मॉपचं आणि पॅडचं वजन ट्रॉलीला चिकटपट्टीनं लावून ठेवलं. महिन्याभरात बाकीच्या पाळीतल्या मुलीही मोजायला लागल्या. सांगायला गेले तर ऐकलं नसतं, पण शेजारच्या पलंगावरचा अंदाज ३०० आणि काट्यावरचं वजन ७२० असं एकदा डोळ्यांनी दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

परवा रात्री आमच्याकडे एक बाळंतपण झालं. माझ्याबरोबरची मुलगी नवी, चार महिन्यांची. वार पडून वीस मिनिटं झाली असतील. तिनं पॅड काट्यावर ठेवलं, बेरीज केली आणि माझ्याकडे न बघताच मोठ्यानं सांगितलं, “तीनशे चाळीस. नाडी एकशे अठरा. पिशवी ढिली लागतेय.” तिनं पाचशे मिलीच्या रेषेची वाट पाहिली नाही, मला विचारलं नाही, चुकलं तर काय म्हणतील याचाही विचार केला नसावा. मी मसाजला हात घातला, तिनं औषध भरलं, दुसरीनं डॉक्टरांना फोन लावला. अर्ध्या तासात बेंबीखाली तो घट्ट गोळा लागला. तिनंही हात ठेवून पाहिला.

सकाळी राउंडला गेले तर बाळंतीण बाळाला घेऊन बसली होती, जरा वैतागलेली. म्हणाली, “सिस्टर, ती मुलगी रात्रभर सारखी येऊन चादर उचलत होती. डोळ्याला डोळा लागू दिला नाही.”

मी म्हणाले, “आज रात्री पण येईल.”